रानात आखलेली क्रूझर

कळंबजवळच्या एका कारखान्यात मी ट्रेसर होते. इंजिनिअरनं पेन्सिलनं काढलेलं ड्रॉइंग शाईनं जसंच्या तसं उतरवायचं, हे माझं काम. रेघ केसभर हलली तर खाली वर्कशॉपमध्ये लोखंड चुकीचं कापलं जायचं. त्यामुळं 'साधारण असं असेल' हे वाक्य मला आजही सहन होत नाही. निवृत्त होऊन बारामतीला राहायला आले ती हाच स्वभाव घेऊन, आणि एका लढाऊ बोटीचा इतिहास लिहायला बसले.

हे तात्यांमुळं झालं. तात्या आमच्या कारखान्यात बॉयलरवर होते. त्याआधी नौदलात होते आणि तिथंही बॉयलरवरच, एका क्रूझरवर. मोठ्या तोफांची ती बोट एकाहत्तरच्या युद्धात समुद्रावर होती. पुढं भंगारात निघाली. जेवणाच्या सुट्टीत तात्या तिच्याबद्दल बोलायचे. मी निवृत्त झाले त्या दिवशी म्हणाले, "बाई, आता तुमाला टाइम हाय. तिचं समदं लिहून ठिवा. आमी गेलो की कोन सांगनार?"

मी लागले. जुन्या खलाशांना पत्रं लिहिली, रद्दीतून स्मरणिका मिळवल्या, फोटोंवरून मापं काढून अख्ख्या बोटीचं ड्रॉइंग केलं. सगळं जमत गेलं आणि एका रात्रीपाशी अडलं.

युद्धातल्या त्या रात्री क्रूझरच्या तोफा उडाल्या की नाही? वडगाव निंबाळकरचे आबा म्हणायचे, उडाल्या. आबा त्याच बोटीवर होते, टरेटमध्ये, म्हणजे तोफांच्या फिरत्या बुरुजात. दुर्बिणीतून नेम धरायचं काम त्यांचं. 'आमच्या गोळ्यानं शत्रूचं जहाज फुटलं' हे ते दर झेंडावंदनाला शाळेत सांगत. तात्या म्हणायचे, "त्या राती एकबी तोफ उडाली न्हाय." एका लग्नाच्या पंगतीत यावरून दोघांचं वाजलं होतं आणि तेव्हापासून बोलणं बंद होतं. माझ्याकडं दोन छापील वर्णनं होती, तीही एकमेकांच्या उलट. नौदलाच्या जुन्या नोंदींच्या नकलांसाठी अर्ज केला होता, त्याला उत्तर नव्हतं.

एका सकाळी ड्रॉइंगची गुंडाळी घेऊन आबांकडं गेले. त्यांनी कागदावर इकडून तिकडून बोट फिरवलं आणि गुंडाळी मला परत दिली.

"कागदावर बोट कळत न्हाय, बाई. पायाखाली आली तर कळंल."

आबांची सून शेजारी उभी होती. घरची सगळी शेती तीच बघते. ती सहज म्हणाली, "खालच्या पट्टीतला उसाचा खोडवा मोडलाय. रान कुळवून मोकळं पडलंय. तितं आखा की."

मला वाटतं मी बसल्या जागी उभी राहिले. आयुष्यभर मोठी यंत्रं लहान करून कागदावर उतरवली होती. खऱ्या मापाची रेघ एकदाही मारली नव्हती.

दोन दिवस आम्ही दोघी त्या रानात होतो. टेप, सुतळी, खुंट्या आणि कबड्डीचं मैदान आखतात ती पांढरी फक्की. सून टेपचं एक टोक धरायची, मी दुसरं. बोट पाचशे फुटांच्या पुढं. पट्टी लांब होती तरी कमी पडली आणि बोटीचं मागचं टोक शेजाऱ्याच्या घासगवतात गेलं. शेजारी बांधावर येऊन बघून गेला. म्हणाला, "जाऊ द्या तेवढं." टरेट, कप्तान उभा राहतो तो ब्रिज, स्वयंपाकघर, बॉयलर रूमची तोंडं, शिड्या, दारं, सगळं आखलं. संध्याकाळी मी बांधावर चढून पाहिलं तर ढेकळांवर खरीच बोट पसरली होती. मला हसू आवरेना.

तात्यांना फोन केला. ते म्हणाले, "त्या मानसाच्या रानात मी येनार न्हाय."

"रानात नका येऊ," मी म्हणाले, "बोटीवर या."

 तात्या म्हणाले, "किती वाजता?"

सकाळच्या एसटीनं ते बारामतीला उतरले, तिथून मी रिक्षानं वडगावला आणलं. आबा बांधावर उभेच होते. दोघांनी एकमेकांकडं पाहिलं नाही. पण रेघेच्या आत पाऊल टाकलं आणि दोघंही बदलले. आबांनी फक्कीचं पहिलं दार आलं तसा पाय उंच उचलून टाकला आणि मान वाकवली; बोटीच्या दारांना उंबरे उंच असतात आणि वरची चौकट खाली. तात्या बॉयलर रूमच्या तोंडाशी गेले, पाठमोरे झाले आणि हवेत दोन्ही हात धरून जिना उतरल्यासारखे पावलं टाकू लागले. 

"ही शिडी हितं न्हवती," तात्या म्हणाले.

"चार हात फुडं व्हती," आबा म्हणाले.

इतक्या वर्षांनी दोघं एका गोष्टीवर एक झाले होते. मी ती रेघ पायानं पुसली आणि नवी मारली. असं सहा ठिकाणी झालं. त्या पूर्ण ड्रॉइंगमध्ये मी सहा चुका केल्या होत्या, आणि प्रत्येक चूक सापडली की मला आणखी आनंद होत होता.

मग आबा टरेटमध्ये जाऊन उभे राहिले. मी विचारलं, "आबा, तोफा उडाल्या तेव्हा काय दिसलं? दिसलं तसंच सांगा."

त्यांनी मूठ वळून दुर्बिणीसारखी डोळ्याला लावली. "पानी चकाकतंय. हुकूम आला, तोफ उडाली. पिवळा धूर. गोळा अलीकडंच पडला, पान्याचा खांब उठला. दुसराबी अलीकडं. तिसरा लागला. जाळीच उडाली."

"कसली जाळी?"

"ती लाकडाची, पडद्यावानी. फुडं टग चालला व्हता, त्याच्या दोराला..."

आबा थांबले. मूठ हळूहळू खाली आली.

सरावासाठी टग, म्हणजे ओढकाम करणारी छोटी बोट, आपल्यामागं दोरानं एक तराफा ओढते आणि त्यावर लाकडी जाळीचा पडदा उभा केलेला असतो, हे मी वाचलं होतं.  आबा खाली ढेकळावर बसले.

"पानी चकाकत व्हतं म्हंजी दिवस व्हता," ते म्हणाले. "आन् शत्रू काय दोरानं बांधून येतोय व्हय?"

मला भीती वाटली की आता तात्या काहीतरी बोलतील. तात्या निघाले. एकही रेघ न ओलांडता, दारादारानं फिरून टरेटपाशी आले आणि आबांच्या शेजारी बसले.

"ती सरावाची फायरिंग," ते म्हणाले. "माज्याबी ध्यानात हाय. तोफंच्या हादऱ्यानं पाइपावरची भुकटी माज्या चहात पडली व्हती. त्या राती न्हाय पडली."

"मंग त्या राती आमी काय केलं?" आबांनी विचारलं आणि स्वतःच सांगू लागले. "बसून व्हतो. टरेटमध्ये समदे, कुनी बोलंना. गोळे भरून तयार. लांब आभाळ लाल झालं. आपलं का त्यांचं, कळंना. माजा हात नेमाच्या चाकावर. हुकूम आलाच न्हाय. उजाडलं तर हाताची बोटं उघडंनात. दोस्तानं एकेक करून सोडवली." मग म्हणाले, "हे कुनाला सांगितलं न्हाय. लोक इचारत्यात, किती गोळे मारले? बसून राह्यलो, हे कसं सांगायचं?"

"आमीबी खाली तसंच," तात्या म्हणाले. "वाफ पुरी चढवून उभं. वरचं काय बी दिसंना."

मी वहीतली पानं संपल्यावर ड्रॉइंगच्या पाठीमागं लिहीत होते.  युद्धाची वर्णनं मी पुष्कळ वाचली होती. ही रात्र कुणीच लिहिली नव्हती. सून चहा घेऊन आली आणि रेघेबाहेर थांबून म्हणाली, "आत येऊ का?" आबांनी तिला आत यायचं फक्कीचं दार दाखवलं.

काही आठवड्यांनी नोंदींच्या नकला आल्या. सरावाची फायरिंग युद्धाच्या आधी, भर दिवसा, टगनं ओढलेल्या लक्ष्यावर. त्या रात्रीच्या पानावर तोफांचा शब्दही नव्हता. मी आधी आबांना फोन केला. ते म्हणाले, "झ्याक झालं. आता शाळेत खरं सांगता यील."

प्रकरण नव्यानं लिहून मी कळंबला तात्यांच्या घरी वाचायला नेलं. आबाही आले, बोलावल्याशिवाय. मी वाचत गेले आणि पहाटे सगळ्यांना चहा मिळाल्याच्या ओळीशी आबांनी हात वर केला.

"चहा न्हाय, कोको व्हता."

"चहाच व्हता," तात्या म्हणाले.

"वर कोको आला व्हता."

"खाली चहा व्हता. मी प्यालोय."

दोघं माझ्याकडं बघू लागले. मी चहा खोडला आणि लिहिलं, 'वर टरेटमध्ये कोको, खाली बॉयलर रूममध्ये चहा.' मग पुढचं पान उलटलं.