मानेचं माप

इंदापूर तालुक्यात समोरच्या माणसाच्या तोंडाकडे न बघता आधी त्याच्या मानेकडे बघणारा गृहस्थ एकच आहे, आणि तो सासरा म्हणून माझ्या वाट्याला आला. मी त्यांना मामा म्हणतो. मामांनी उभा जन्म इंदापुरात मोटारी भरल्या. मोटारी भरणं म्हणजे जळालेल्या पाण्याच्या मोटारीतली तांब्याची तार काढून नवी तार गुंडाळून देणं. धरणाच्या पाण्यावर मोटारी टाकून बसलेलं पळसदेवपर्यंतचं प्रत्येक गाव त्यांचं गिऱ्हाईक. गुडघे धरल्यावर त्यांनी दुकान बंद केलं, पण बोटांना हे कुणी कळवलं नसावं. उरलेल्या तारेची रिळं घरी आली आणि मामा त्या तारेचे, मणी ओवून, दागिने विणू लागले. बायका लोकर विणतात तसे, पण बोलणी खात.

बोलणी सासूबाईंची. लाकडी दांडक्याभोवती तारेचे टाके घालत वीतभर साखळी विणायची आणि मग ती लहान होत जाणाऱ्या भोकांतून ओढायची, की ती बारीक, गोल आणि हातभर लांब होते. ही भोकं पाडायला मामांना घरात एकच योग्य लाकूड सापडलं, ते म्हणजे पोळपाट. पुढे कित्येक महिने त्या घरातल्या चपातीवर सात पुटकुळ्या ओळीनं उठत. "जावयाला तरी बिनभोकाची वाढू द्या," असं सासूबाई म्हणाल्या, तर मामा म्हणाले, "पावण्यालाच बोलीव. पोळपाट धरायला माणूस पायजे." मी पोळपाट छातीशी धरायचा आणि त्यांनी पक्कडीनं साखळी ओढायची, असा आमच्या घरोब्याचा बराचसा काळ गेला आहे.

त्यांची पहिली माळ म्हशीनं घातली. चार दिवस तिच्या गळ्यात टिकली तर बायकांच्या गळ्यात जन्मभर टिकेल, असा हिशेब होता. म्हशीनं ती तिसऱ्या दिवशी गव्हाणीत घासून तोडली. मामांनी तुटलेला टाका भिंगाखाली बघून तार बदलली. माणसंही त्यांना तारेच्याच जाडीत दिसत. तारेचा गेज जितका मोठा तितकी तार बारीक, त्यामुळे आमच्या मुलीसाठी एक किडकिडीत स्थळ आलं तेव्हा ते सगळ्यांसमोर म्हणाले, "पोरगं चांगलं हाय, पण चाळीस गेजचं हाय. लोड न्हाय घ्यायचं." ते स्थळ तिथंच मोडलं. मापाच्या बाबतीत मात्र विनोद नाही. गळ्याभोवती दोरा फिरवायचा, तो स्टीलच्या पट्टीवर ठेवायचा आणि आकडा वहीत लिहायचा. दुसऱ्यानं सांगितलेल्या मापावर त्यांनी कधी तार उचलली नाही. एकदाच उचलली, आणि ते माप सांगणारा मी होतो.

त्याचं असं झालं. आमच्या मुलीच्या साखरपुड्यात मामांनी तिच्या होणाऱ्या सासूबाईंना लाल मण्यांची माळ दिली. विहीणबाई "अगबाई, वेगळंच काहीतरी!" म्हणाल्या आणि त्यांनी ती पर्समध्ये टाकली. पर्सची चेन लागल्याचा आवाज मी ऐकला. परतताना गाडीत मामांनी विचारलं, "आवडली का वो त्यास्नी?" नुसतं 'हो' म्हणून भागलं असतं. पण मला समोरच्याचं वाईट वाटलेलं बघवत नाही, आणि ते टाळायला मी नेहमी गरजेपेक्षा जास्त बोलतो. मी म्हणालो, "आवडली म्हणजे? त्यांच्याकडच्या बाकीच्या बायकासुद्धा मागत होत्या."

"किती जणी?"

"असतील सतरा-अठरा."

दुसऱ्या दिवशी मी बारामती एमआयडीसीत, कंपनीत दुधाचे नमुने तपासत असताना फोन आला. "पावणं, नवऱ्या मुलाची थोरली आत्या. मान उंच का आखूड?" मी त्या बाईंना एकदाच पाहिलं होतं, तेही पाठमोरं. समोरून कँटीनचा आचारी चालला होता. मी त्याची मान सांगितली. "आखूड, मामा. आणि चांगली भरलेली." मग रोज फोन येऊ लागला आणि मी मापं देऊ लागलो. मुलाच्या धाकट्या काकूंना मी वॉचमनची मान दिली, त्याच्या मामींना टँकरच्या ड्रायव्हरची, आणि एका चुलत बहिणीला, माणसं संपली म्हणून, आमच्या साहेबांची. तिकडे मामा सकाळी चहा घेऊन बसत ते दिवस मावळेपर्यंत विणत. मोतीबिंदूचं ऑपरेशन त्यांनी लग्नानंतरवर ढकललं. "डोळं बांधून बसलो तर आत्याबाईचं राहील," म्हणाले. हे मला बायकोनं सांगितलं तेव्हाही मी खरं बोललो नाही. अठरा माळा झाल्या.

लग्नाच्या दिवशी मामांनी भरलेली पिशवी माझ्या हातात दिली. "तुमच्या हातानं वाटा." मी ती गाडीच्या डिकीत ठेवून कुलूप लावलं. मामा फेटा बांधून पहिल्या रांगेत बसले आणि अक्षता हातात धरून वरपक्षाकडच्या एकेका बाईची मान बघत राहिले. मी जवळ जाऊन म्हणालो, "आज सोनं असतं ना, मामा. उद्या सत्यनारायणाला घालणार आहेत सगळ्या."

"व्हय, व्हय. बरोबर हाय," ते म्हणाले.

महिनाभर ती पिशवी डिकीतच राहिली. बारामतीत गतिरोधक किती आहेत हे मला त्या महिन्यात कळलं. प्रत्येकावर मागून अठरा माळा वाजत. बायको म्हणाली, "सांगून टाका आमच्या अण्णांना एकदाचं. तुमच्या घशाखाली घास उतरेना, मला बघवेना."

रविवारी इंदापूरला गेलो. मामा अंगणात खाटेवर बसले होते. मी पिशवी त्यांच्यापुढे ठेवली आणि पर्सच्या चेनपासून सगळं सांगितलं. ते ऐकून घेत होते. मग म्हणाले, "न्हाय घातल्या, त्याचं काय न्हाय. सोनं सोडून तांबं कोण घालतंय? त्यांच्या जागी मी बी न्हाय घातलं." माझा जीव भांड्यात पडत होता, तेवढ्यात मी उरलेलंही बोलून गेलो. "मामा, मापंसुद्धा खोटी होती."

त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे वळून बघितलं. "आत्याबाईची?"

"आमच्या कँटीनच्या आचाऱ्याची."

"तरीच!" मामा म्हणाले. "चार दिस मला झोप न्हाय. म्हटलं, असल्या मानंची बाई नातीच्या सासरी, पोरीचं कसं व्हायचं!" आतून सासूबाई खोकल्याचं निमित्त करून हसल्या. मीही हसलो असतो, पण मामा हसत नव्हते. ते पिशवीतून एकेक माळ काढून खाटेवर सरळ करून ठेवत होते. अठरावी ठेवल्यावर म्हणाले, "माप चुकलं की मोटार जळती, पावणं. म्हणून मी कुणाचं ऐकलं न्हाय कधी. सोता मोजायचं. तुमी सांगताय म्हणल्यावर न्हाय मोजलं." एवढंच. शिव्या घातल्या असत्या तर मी हलका होऊन घरी आलो असतो.

मी म्हणालो, "मामा, माझ्यासाठी एक करा."

"गड्यानं माळ घालायची?"

"कंपनीत घालून जाईन."

 त्यांनी खिशातून दोरा काढला. "तुमच्या मानंचं माप इतक्या वर्सांत घेताच आलं न्हाय. कायम खाली. वर करा." मी मान वर केली. त्यांनी दोरा फिरवला. बोटं गार होती. त्यांनी दोरा चिमटीत धरून पट्टीवर ठेवला, पट्टी डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, उन्हात तिरकी केली. अजून ऑपरेशन झालेलं नव्हतं. शेवटी पट्टी आणि दोरा तसाच माझ्यापुढे धरला.

"किती हाय बघा."

मी चष्मा पुसला आणि नीट वाकून बघितलं. पंधरा इंचांच्या पुढे तीन बारीक रेघा होत्या. चौथीला दोरा थोडासा कमी पडत होता. तेवढंच सांगितलं.