पाटावरचा फायरवॉल

वायर एकतर जोडलेली असते, नाहीतर नसते. तिसरी शक्यता माझ्या कामात नाही. भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी आयुष्यभर हसत आलो. तरीही हे लिहितोय...

२००५-०६ च्या सुमाराची, भिवंडीजवळच्या वळ गावातल्या एका गोदामातली गोष्ट. तिथलं नेटवर्क मी बघायचो. कंपनीचं नेटवर्क आणि बाहेरचं इंटरनेट यांच्यामध्ये पहारेकरी म्हणून फायरवॉल असतो. आमच्याकडे दोन होते — एक कामावरचा, दुसरा राखीव. पहिला बंद पडला की मी धावत जाऊन दुसरा चालू करायचा. तोवर बिलं अडायची, ट्रक फाटकात उभे. शेवटी मॅनेजरने सुनावलं, "देसाई, पुन्हा लाइन गेली तर तुम्हीपण जा."

घरात कमावता मी एकटा, मुलगी बारावीला. मी एक स्क्रिप्ट, म्हणजे आपोआप चालणारा छोटा प्रोग्रॅम, लिहिली. ती पहिल्या फायरवॉलला सारखी हाक मारायची. लागोपाठ तीनदा उत्तर आलं नाही की दुसऱ्याला त्याच्या जागी उभं करायची आणि मला मेल पाठवायची. मुद्दाम पहिला बंद करकरून तपासली. चोख चालली.

मग दसरा आला. दिवाळीच्या मालामुळे गोदाम चालूच होतं. जागेचे मालक, गावातलेच काका, झेंडूची माळ घेऊन दारात उभे.

"काका, चालू मशीन काढता येणार नाही."

"चालू कोन मागतंय? ती दुसरी बसून खाते ना, ती दे. दसऱ्याला एक तरी मशीन पाटावर पायजे."

मॅनेजर हसला. "द्या हो देसाई. तासाभराचा तर प्रश्न आहे."

माझ्याच हाताने सगळ्या वायरी काढून मी राखीव फायरवॉल ऑफिसातल्या पाटावर ठेवला.

आरती चालू असताना जळका वास आला. आत मशीनच्या खोलीत धावलो. पहिल्या फायरवॉलचा एकही दिवा पेटत नव्हता. नोकरी गेली, एवढंच मनात आलं. दुसरा आणायला पळालो, तर हमाल ओरडला, "साहब, दौड़ क्यों रहे हो? परसाद खतम नहीं हुआ!"

"अरे, बिल बंद है ना?"

"किधर बंद? ये देखो, निकल रहा है."

खरंच निघत होतं. माझ्या कॉम्प्युटरवर स्क्रिप्टचा मेल — राखीव फायरवॉलने काम घेतलं आहे. तो तर समोर पाटावर... कपाळाला कुंकू, वर झेंडू. वीज नाही, वायर नाही. हात लावला. गरम होता.

उचलून आत नेला, जोडला. मधे काम एकदाही अडलं नाही. इंटरनेटची दुसरी कुठलीही वाट नव्हती, हे मी नंतर वायर न् वायर तपासून पाहिलं.

मॅनेजरला सगळं सांगितलं. त्याने एवढंच ऐकलं — दोन्ही नसताना चाललं. "मग दुसरं डबडं हवंच कशाला?" पहिला दुरुस्त होऊन आल्यावर राखीव फायरवॉल कंपनीच्या अंबाडीतल्या दुसऱ्या गोदामात धाडला. मी विरोध केला. "उगाच भुतं दाखवू नका," म्हणाला.

दिवाळीनंतर एका दुपारी पहिला पुन्हा गेला. स्क्रिप्टने हाका मारल्या, उभं राहायला कोणीच नव्हतं. ट्रक अडले. डबडं कोणी हलवलं, हे कोणी विचारलं नाही. संध्याकाळी माझ्याकडून राजीनामा लिहून घेतला.

काही दिवसांनी अंबाडीच्या स्टोअरकीपरचा फोन आला. नोकरीबद्दल हळहळला, मग म्हणाला, "देसाईसाहेब, एक विचारू? तुमचा तो फायरवॉल इथे बंद खोक्यात पडून हाय. तुमच्याकडे लाइन गेली ना, त्या दुपारी ते खोकं एवढं तापलं कशानं?"