शंभर टक्के निकालाच्या गावी

एका मुख्याध्यापकांनी समीना नावाच्या मुलीला फसवलं, तिच्या वडिलांना फसवलं, आणि पाहुणी म्हणून गेलेल्या मलाही फसवलं. मुलीचं आणि वडिलांचं नाव मी बदललं आहे. मुख्याध्यापकांचं आणि गावाचं नाव सांगणारच नाही. का, ते पुढे येईल.

मी जालन्याची. जुन्या कपड्यांवर भांडी देत दारोदार फिरले, त्यातून बी.एड. केलं, शिक्षिका झाले आणि आता पन्नाशीला टेकल्यावर पीएचडी करते आहे. विषयाचं नाव लांबलचक आहे : मुख्याध्यापकांचं नेतृत्व, समान संधी आणि विद्यार्थ्यांचं यश. माझ्या भाषेत सांगायचं तर, शाळेचा कारभारी चांगला असला की मागच्या बाकावरचं पोरही पुढे सरकतं का, एवढंच मला बघायचं होतं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या गारगोटीकडच्या दोन शाळा बघून झाल्या होत्या. तिसरी शाहूवाडी तालुक्यातली. तिचं कौतुक इतकं ऐकलं होतं की भाद्रपद सरता सरता मी पुन्हा बस धरली.

सकाळी कोल्हापूरच्या स्टँडवर उतरले तर एक रिक्षावाला समोर उभाच.

"ओ पावणं, कुठं सोडू?"

"चांगली मिसळ मिळेल तिथे. पण मीटरने."

"मीटरनं फिरलो तर रिक्षाच इकाय लागंल की मावशी!"

"मग विका. मी घेते. बोला, किती?"

तो खो खो हसला. "बसा, बसा. कुठलं पाणी म्हनायचं हे?"

"जालन्याचं."

"कडक हाय."

गाडी मीटरनेच गेली. मिसळ ब्रेडबरोबर आली आणि वर कट (तिखट लाल रस्सा). वाटी अर्धी होते न होते तोच मालकाने न विचारता पुन्हा भरली. "घ्या की, रश्श्याला पैसं न्हाईत." फुकट मिळालेल्या वस्तूकडे मी नेहमी संशयाने बघते. या वेळी बघितलं नाही, आणि पुढचा तासभर डोळे पुसत बसले.

शाहूवाडीकडच्या मलकापूरच्या एसटीत खिडकी मिळाली. शहर सुटल्यावर बराच वेळ दोन्ही बाजूंना ऊस, ऊस आणि ऊस. मग जमीन हळूहळू दुमडायला लागली. उसाच्या जागी भाताची खाचरं आली, एकाखाली एक उतरत गेलेली, आणि डोंगराच्या माथ्यावर ढग असे बसलेले की उठायचा विचारच दिसेना. आमच्याकडे इतकं हिरवं रान बघायला मिळत नाही. मी शेजारच्या बाईंना प्रत्येक वळणावर काही ना काही विचारत होते. शेवटी शाळेचं विचारलं.

"लई भारी शाळा," त्या म्हणाल्या. "एक पोरगं नापास हुईत न्हाई. आमची जाऊबाई पोराला तितंच घालायचं म्हणून बसल्या."

गावात शिरताना शाळेचा फलक दिसला : दहावीचा निकाल शंभर टक्के, सलग कितव्यांदा तरी. मुख्याध्यापक फाटकापर्यंत आले होते. उंच, नीटनेटके, आवाज खणखणीत. मी परवानगीपत्र पुढे केलं. त्यात शाळेचं नाव प्रबंधात कुठेही येणार नाही अशी माझी लेखी हमी होती. असं वचन देण्याची संशोधनात पद्धतच आहे. त्यांनी ते दोनदा वाचलं.

खरं सांगते, मी भारावले. मुलींसाठी स्वच्छ स्वच्छतागृह, त्याला आतून कडी. रोज संध्याकाळी शाळेतच अभ्यासिका, आणि तिथे सर स्वतः हजर. सफाई करणाऱ्या मावशींनाही ते "अहो" म्हणत होते. मी प्रश्न विचारत सुटले, आणि ते न कंटाळता उत्तरं देत राहिले.

पण भांडी विकताना एक सवय लागली. कुणाच्या घरात पाऊल टाकलं की काय आहे यापेक्षा काय नाही ते माझ्या डोळ्यांत आधी भरतं. नववीत एकेका बाकावर तिघं चिकटून बसली होती. दहावीत मुलं ऐसपैस होती, आणि मागचे बाक भिंतीला लावून ठेवले होते.

"सर, नववीतून दहावीत येताना मुलं कुठे गेली?"

"आमच्याकडं मुंबईला जायचं प्रमाण फार, मॅडम. आई-बाप गेले की पोरंही जातात."

मी ते तसंच लिहून घेतलं.

परत निघाले आणि फाटकातच पिशवीचा बंद तुटला. सगळे कागद चिखलात. स्टँडजवळ रफिकभाईंचं शिलाईचं दुकान होतं, तिथे शिरले. आत एक मुलगी मशीनवर त्याच शाळेच्या गणवेशाची पट्टी मारत होती.

"शाळा लवकर सुटली का गं?"

"न्हाई. मी शाळंत न्हाई आता. मी बाहेरनं बसतो." (इकडे मुलीही स्वतःबद्दल "मी बसतो", "मी जातो" असंच बोलतात.)

बाहेरून बसणं म्हणजे शाळा सोडून, खाजगी विद्यार्थी म्हणून दहावीची परीक्षा देणं. ज्यांचं शिक्षण काही कारणाने सुटलं त्यांच्यासाठी ही सोय आहे. अशा मुलांचा निकाल शाळेच्या निकालात धरत नाहीत.

"तुला शाळा नको होती?"

समीनाने मशीन थांबवलं. "मला गणित येत न्हाई म्हणून काढलं. आता तुमीच सांगा मावशी, गणित येत न्हाई म्हणूनच शाळंत जायाचं असतंय न्हवं?"

तिचे वडील रफिकभाई बंद शिवता शिवता म्हणाले, "सरांनी बोलवून सांगितलं, दाखला घ्या, घरी निवांत अभ्यास हुतोय, परीक्षा तीच हाय. आमी घेतला. वर्गातली बरीच पोरं तशीच निघाली."

"बाहेरून बसायचा अर्ज भरला?"

"अजून न्हाई. दाखला कपाटात हाय. पण एकदा घेतला की परत हुईत न्हाई म्हणाले सर."

हे साफ खोटं होतं. शाळेने मनात आणलं तर तिला त्याच वर्गात पुन्हा बसवता येतं. मुंबईला कुणी गेलं नव्हतं. मुलगी शाळेपासून हाकेच्या अंतरावर बसून शाळेचेच गणवेश शिवत होती.

त्या दिवशी मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आधी सरांच्या दारात उभी राहिले. त्यांनी चहा मागवला. मी घेतला नाही.

"काल मुंबईला गेली म्हणालात."

"काही गेलीत की." ते जराही दचकले नाहीत. "मॅडम, निकाल घसरला की पोरं शेजारच्या शाळेत जातात. पट घसरला की तुकडी जाते. तुकडी गेली की माझे शिक्षक अतिरिक्त ठरतात. मग राहिलेल्यांना कोण शिकवणार? तुम्ही?"

"हे सगळं मी लिहिणार."

"लिहा की! शाळेचं नाव कुठं येणार न्हाई असं तुम्हीच सही करून दिलंय. म्हणून तर मोकळेपणानं बोलतोय."

माझा आवाज इतका चढला की शिपाई आत डोकावला. मग मी दम घेतला आणि सौद्याला बसले. आधी सगळी मुलं परत मागितली. नाही. मग एकटी समीना. "एकीला घेतलं तर उद्या सगळ्यांचे बाप रांगेत." तेही नाही. शेवटी म्हटलं, निदान संध्याकाळच्या अभ्यासिकेत तरी तिला बसू द्या.

"येऊ दे की. आमची ना न्हाई," ते लगेच म्हणाले.

समोरचा इतक्या पटकन हो म्हणाला की आपण कमी मागितलं, हे मला कळायला हवं होतं. कळलं, पण फाटकाबाहेर आल्यावर.

दुकानात जाऊन दोघांना सांगितलं : अभ्यासिकेला जाता येईल, आणि दाखला परत करता येतो, सर खोटं बोलले. रफिकभाई कापडावर खडूने रेघ ओढत राहिले. "गणवेशाचं काम शाळेचंच हाय ताई. मी कुठल्या तोंडानं भांडू?"

समीना उठून उभी राहिली होती. "आजपासनं जाऊ? गणवेश घालून, का असंच?"

हे मी सरांना विचारलंच नव्हतं. "घालून जा," मी म्हटलं. तो अधिकार मला कुणी दिला नव्हता.

आता जालन्यात टेबलाशी बसून लिहिते आहे. तिथल्या बायका बसमध्ये ज्या शाळेची तारीफ करतात ती शाळा खोटी नाही. अभ्यासिका खरी आहे, कडी खरी आहे, सरांचं "अहो"ही खरं आहे. म्हणूनच मला पोरांची ती वजाबाकी जास्त झोंबते. इतकं चांगलं चालवता येणाऱ्या माणसाला कच्ची पोरं शिकवताही आली असती. माझ्या प्रबंधात ही शाळा क्रमांक तीन असेल. मी दिलेला शब्द पाळीन.

पण सर, हे वाचताना तुम्ही स्वतःला ओळखाल. समीनाला गणित शिकवायचं काम कुणाचं होतं? दाखला परत होत नाही असं तिच्या बापाला का सांगितलंत? अर्ज अजून भरलेला नाही, वेळ गेलेली नाही. उत्तर मला पाठवू नका. स्टँडजवळच्या दुकानात जा, मशीन थांबवायला सांगा आणि तिच्यासमोर उभे राहून द्या.