सोनेरी डबा आणि दाजींचा टाळ

एखाद्या घरात सोल्डरिंग गन शिरली की त्या घरातले किस्से मोजायचे नसतात. माझ्या ताईच्या जोहे गावातल्या घरात ती मीच नेली, त्यामुळे बहुतेक किश्शांत हसं माझंच झालेलं आहे. होऊ दे!

आधी मामला सांगतो. आमच्या दाजींचा गणपतीचा कारखाना. मूर्तीच्या डोळ्यांची आखणी ते दुसऱ्या कुणाला करू देत नाहीत, आणि आखणीला बसताना त्यांना आपल्याच भजनी मंडळाची जुनी कॅसेट लागते. त्यात टाळ दाजींचा आहे. टाळ कानावर पडला की हात चालतो, नाहीतर ब्रश हवेतच. शेडमधला जुना टेप धुळीने घोगरा झाला होता, तरी त्यात टाळ पुसट का होईना यायचा. यंदा टेपच कायमचा बंद पडला.

मग मी माझा कॅसेट डेक दिला. धूळ नको म्हणून तो घरात ठेवला आणि अंगणातून शेडमधल्या ॲम्प्लिफायरपर्यंत लांबलचक वायर ओढली. आवाज आला, पण टाळ काही आला नाही. दाजी म्हणाले, "टाळ नाय तर डोळे नाय." मूर्ती बिनडोळ्यांच्या रांगेत उभ्या आणि गिऱ्हाइकं टेम्पो ठरवून बसलेली.

* * *

दोष वायरचा होता आणि थोडा ताईचा. आवाजाचं बटण तिने घरातच, डेकजवळ बसवून घेतलं होतं. ते शेडमध्ये दिलं तर दाजी सगळ्या गावाला भजन ऐकवतील, हा तिचा अनुभव. त्या बटणातून निघालेला सिग्नल आधीच दमलेला, त्यात एवढी वायर, म्हणजे टाळासारखे बारीक आवाज वाटेतच गळणार. उपाय सोपा होता. बटणाच्या पुढे एक साधं बफर सर्किट.

दाजींनी विचारलं, यानं आवाज किती वाढतो? मी म्हटलं, वाढत नाही. जेवढा आत जातो तेवढाच बाहेर येतो, फक्त लांबची वायर ओढायची ताकद मिळते.

दाजींनी ब्रश खाली ठेवला. "संजू, कंपनीत तुला ह्याचाच पगार देतात?"

* * *

कंपनीतला माझा जोडीदार म्हात्रे. रोह्याला आम्ही दोघं एकाच शिफ्टला मीटर आणि गेज सांभाळतो. तो म्हणाला, बफर तयार मिळतो, मागवून टाक. मी म्हटलं, आपल्या हातचा करीन तरच लावीन. हट्ट म्हणा, पण मग मागे हटणं नाही.

पहिल्याच रविवारी मी त्याला घेऊन जोह्याला गेलो, आयसी, म्हणजे बफरची मुख्य चिप, उलटा बसवला आणि बटण दाबलं. ताईने आतून विचारलं, "ही कसली उदबत्ती लावलीस रे?"

म्हात्रेने धुराकडे शांतपणे पाहिलं. "वायरिंग बरोबर हाय तुझं. नायतर जळला नसता."

* * *

दुसरा आयसी जगला, पण भजनाच्या मागे सतत घूंऽऽ. उघड्या सर्किटला आसपासची वीज पकडायची खोड असते, ते पत्र्याच्या डब्यात घातलं की गप्प होतं. ताईचा कुळथाच्या पिठाचा डबा तेवढ्याच मापाचा निघाला. पीठ दुसऱ्या डब्यात गेलं, सर्किट याच्यात आलं आणि घूं बंद!

आम्ही अंगणात चहा घेऊन परत येतो तर घूं पुन्हा हजर. म्हात्रेने आणि मी सगळे सांधे तपासले, पिना हलवल्या, आमची भांडणंही झाली. शेवटी म्हात्रेचं लक्ष गेलं की डबा उघडाच आहे. झाकण ताईने पिठाच्या नव्या डब्यावर नेऊन लावलं होतं. ताई म्हणाली, पिठात पोरकिडे झाले तर तुझा बफर खाणार का?

* * *

या सगळ्या धांदलीत जोह्याच्या एसटी थांब्यावर नामदेव भेटला. दाजींच्या कॅसेटमध्ये पखवाज त्याचा. शेवटच्या अभंगात ठेका विस्कटतो, आणि नामा मागे पडला, असं दाजी वर्षानुवर्षं सांगत आलेत. त्यावरून नामदेवने मंडळ सोडलं. घरं एका बांधाच्या अल्याड-पल्याड, पण बोलणं बंद. मला दोघांचंही वाईट वाटायचं.

"झाला का तुझा डबा?" त्याने विचारलं. होतोय म्हटल्यावर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "टाळ तेवढा नीट ऐकव त्याला. बाकी काय नको."

आता तर बफर मला करायचाच होता.

* * *

पुढच्या रविवारी गेलो तर पिठाचा डबा ओळखू येईना. दाजींनी तो शेडमध्ये नेऊन सोनेरी रंगवला होता, कडेने कमळाच्या पाकळ्या काढल्या होत्या, वर वॉर्निशचा हात! जोडून बघतो तर घूं नाही, भजन नाही, काहीच नाही. रंगाचा हात डब्यावरच्या वायर खोचायच्या सॉकेटांच्या आतपर्यंत गेला होता.

दाजी जराही वरमले नाहीत. म्हणाले, "कोरी वस्तू कारखान्यातून भायेर जात नाय आपल्या."

* * *

त्याच दिवशी सॉकेटं खरवडून साफ केली. ताईने घरात बटण फिरवलं आणि शेडमध्ये टाळ खणखणला. सांगायला लाज नाही, माझे डोळे भरून आले. दाजींनी ब्रश उचलला. पहिल्या मूर्तीला डोळे आले, दुसरीला आले.

मग शेवटचा अभंग लागला. पखवाज संथ, जागच्या जागी चाललेला. टाळ हळूहळू पुढे सरकला, मग पळायलाच लागला. पखवाज थोडा वेळ जागेवर थांबून राहिला आणि मग त्याला गाठायला धावला.

ताई शेडच्या दारात येऊन उभी राहिली होती. दाजी तिला म्हणाले, "परत लाव."

तिने घरात जाऊन परत लावला. टाळ परत पळाला.

दाजींनी ब्रश पुसला. अंगणातून आलेली वायर हातात उचलून बघितली.

"संजू, ही वायर आणखी वाढवली तरी आवाज असाच ऱ्हाईल?"

मी म्हटलं, राहील की. बफर त्यासाठीच आहे.

त्यांनी ब्रशच्या टोकाने बांधापलीकडे दाखवलं. "नामाच्या पडवीपर्यंत जाईल?"