कोपरची अर्धी भाकरी

आमची संस्था म्हणजे पाच विश्वस्त, एक रबरी शिक्का आणि माझा नवरा. विश्वस्तांत हे होते, मी होते, अध्यक्ष म्हणून एक निवृत्त हेडमास्तर होते, ज्यांची बहीण याच आजाराने गेली, आणि आणखी दोघं. आजार पोटाचा. कॅन्सरच, पण इतका दुर्मिळ की नाव सांगितलं की नर्ससुद्धा दोनदा विचारायची. त्यावरचा उपाय ऐकून तर माणसं पांढरीफटक पडत. अख्खं जठर काढून टाकायचं आणि आतडं वर ओढून अन्ननलिकेला जोडायचं. मग प्रत्येक घरात पहिला प्रश्न एकच. पोटच काढलं तर जेवणार कसं?

त्याचं उत्तर माझा नवरा होता. ह्यांचं ऑपरेशन होऊन सहा वर्षं झालेली. कल्याण-डोंबिवलीत काय न् ठाण्यात काय, इतकी वर्षं हिंडता-फिरता राहिलेला दुसरा कुणी आम्हाला सापडला नव्हता. त्यामुळे नवा पेशंट कळला की हे त्याच्या घरी जात. भाषण नाही, पत्रकं नाहीत. खुर्चीवर बसायचं आणि म्हणायचं, "वहिनी, भूक लागलीय हो. काय केलंय आज?" मग त्यांच्या घरचं, त्यांच्या ताटात, त्यांच्यासमोर जेवायचं. थोडंसंच, पण जेवायचं. एकेक घास इतका वेळ चघळत बसायचे की मी वैतागून म्हणायचे, "अहो, गाय बरी!" पेशंट मात्र डोळे न हलवता बघत असायचा. शर्ट वर करून व्रण दाखवला तर लोक नजर चुकवतात. जेवणारा माणूस मात्र सगळ्यांना बघवतो.

घरी आले की एका वहीत लिहायचे. ठाणे, वरण-भात, पाव वाटी. आंबिवली, मेथीची भाजी, एक पोळी. खडवली, पिठलं, तिखट होतं पण छान. वहीच्या पहिल्या पानावर संस्थेचा पहिला नियमही ह्यांनीच लिहिलेला: भेटीला जाणाऱ्याने पेशंटशी खोटं बोलायचं नाही. खाली आम्हा पाचही जणांच्या सह्या.

एका शुक्रवारी ह्यांचा स्कॅनचा रिपोर्ट आला. परत आलं होतं आणि सगळ्या पोटात पसरलं होतं. डॉक्टर चांगला माणूस. फाइल मिटली आणि म्हणाला, आता त्यांना त्रास होणार नाही एवढंच बघू. घरी येताना हे म्हणाले, "हेडमास्तरांना इतक्यात सांगू नकोस." मी म्हटलं, बरं. त्या दिवशी मी सगळ्यालाच बरं म्हणत होते.

शनिवारी दुपारी फोन वाजला. कोपरच्या खाडीकडच्या गावातून एका बाईचा नवरा बोलत होता. मासेमारी करणारं घर. बायको पस्तिशीची, एक मुलगी शाळेत. बुधवारी ऑपरेशन ठरलेलं आणि बाई नाही म्हणून बसली होती. सर्जनने सांगितलेलं, ही तारीख गेली तर पुढे मी हात लावणार नाही. "ती बोलते, जेवताच येनार नसंल तर जगून काय करू," नवरा सांगत होता. "काका येतील का? एकदा खाऊन दाखवतील का?"

फोन स्पीकरवर होता. मी मान हलवून नाही, नाही करत होते. हे म्हणाले, "उद्या दुपारी येतो. ताट वाढून ठेवा."

मी काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही. तुमचा जेवतानाचा जुना व्हिडिओ आहे तो पाठवा म्हटलं. म्हटलं, तुमच्या घशाखाली पेज उतरत नाही आणि निघाले भाकरी खायला! नियमाची वही आणून त्यांच्या समोर आपटली. खरं सांगायचं तर नियमाचं मला काही पडलेलं नव्हतं. मला त्या बाईचा राग आला होता. माझ्याकडे किती रविवार उरलेत ते डॉक्टरलाही सांगता येत नव्हतं, आणि त्यातला एक हिला का द्यायचा? हे ऐकून घेत राहिले. मग म्हणाले, "मी बरा आहे असं मी कुठे सांगणार आहे? मी फक्त जेवणार आहे."

रविवारी ह्यांनी परगावी नोकरीला असलेल्या मुलाचा ढगळ शर्ट घातला, फुगलेलं पोट दिसू नये म्हणून. रिक्षाने डोंबिवलीच्या पश्चिमेला, कोपरला गेलो. घर स्वच्छ, ओटीवर जाळं वाळत घातलेलं. बाई दाराशी उभी होती, हाडकुळी, नाकात नथनी, ओठ घट्ट मिटलेले. ताटात तांदळाची भाकरी आणि निवट्यांचं कालवण. खाडीच्या चिखलातले ते छोटे मासे, मी तोवर नुसते ऐकलेले. आम्ही घाटावरची माणसं, मासा म्हणजे सुरमईचा तुकडा, तोही कधीमधी. हे म्हणाले, "अरे वा! हे तर मी कधीच खाल्लं नाही," आणि मांडी घालून बसले.

अर्ध्या भाकरीला पाऊण तास लागला. काटा काढायच्या निमित्ताने मधेमधे थांबत होते, ते मलाच कळत होतं. त्यांचा घाम कपाळावरून कानापाशी आला तेव्हा मीच म्हटलं, "तिखट झालंय का हो?" ते हसले. ती बाई समोर उकिडवी बसून त्यांच्या गळ्याकडे बघत होती. घास खाली उतरला की तिच्याही गळ्यात काहीतरी हलायचं.

मग तिने मला आत बोलावलं. पाणी देते म्हणाली, पण पाणी दिलंच नाही. माझा हात धरून हळूच विचारलं, "काकी, मना खरा सांगा. काकांना बरं हाय ना?"

मी तिच्या तोंडाकडे बघितलं. आतल्या खोलीत मुलगी काहीतरी पाठ करत होती. वाटलं, सांगून टाकावं. जरा कुणाच्या तरी खांद्यावर डोकं टेकावं. सांगितलं असतं तर बुधवार तिथेच संपला असता. मी म्हटलं, "अगं, त्यांना काय धाड भरलीय! घरी येऊन बघ, दिवसभर माझ्याशी भांडत असतात."

तिने हात सोडला. बाहेर गेली, ह्यांच्या ताटातली उरलेली अर्धी भाकरी उचलली आणि उभ्या उभ्याच खाल्ली. म्हणाली, "जाते मी बुधवारी. आनि बरी झाली ना, की तुमच्या घरी येऊन तुमच्यासमोर जेवीन." हे म्हणाले, "ये. वाट बघतो."

रिक्षा गल्लीच्या तोंडाशी पोचली आणि ह्यांनी थांबवायला सांगितलं. भिंतीला हात टेकून सगळं उलटून टाकलं. सगळं, एक घाससुद्धा आत राहिला नाही. मी पाठ चोळायची सोडून काय म्हणाले? "फिटली हौस?" तोंड पुसून त्यांनी मागे वळून बघितलं आणि विचारलं, "तिने पाहिलं नाही ना?" घरी येईपर्यंत मी तोंड फिरवून बसले होते. आजही कोपरचं नाव ऐकलं की मला आधी माझं ते वाक्य ऐकू येतं. त्यांचा हात हातात घ्यायला रिक्षात काय अडचण होती?

घरी येऊन त्यांनी वही मागितली. अक्षर वाकडं आलं. कोपर, निवट्यांचं कालवण, अर्धी भाकरी. छान. त्यांच्या हातची वहीतली ती शेवटची ओळ.

बाईचं ऑपरेशन झालं, नीट झालं. सहाव्या आठवड्यात हे गेले. हेडमास्तर घरी आले, बराच वेळ चप्पल न काढता दारातच उभे राहिले. मी त्यांना कोपरचं सगळं सांगितलं. माझा राजीनामा घ्या म्हटलं. त्यांनी वहीचं पहिलं पान उघडलं, बघितलं, मिटलं. म्हणाले, "तिला आत्ता सांगू नका. तिच्या पोटात अन्न ठरू दे आधी."

तिचे फोन यायचे. ह्यांच्याच मोबाइलवर, तो माझ्याकडे. "काकी, आज अर्धी इडली पोटात राहिली. काकांना सांगा." मी म्हणायचे, सांगते. "काका जेवले?" मी म्हणायचे, हो, आत्ताच. मग फोन ठेवून तशीच बसायचे. चार महिने मी एका मेलेल्या माणसाला रोज जेवायला घालत होते. स्वतःपुरतं चहा आणि खारी. एकटीसाठी कुकर कोण लावतो?

एके दिवशी दुपारी बेल वाजली. दारात ती. अंगाने निम्मी झालेली, पण उभी. हातात डबा. "सांगितला नाय येते म्हनून. काका झोपले?" असं म्हणत आत आली आणि फोटोसमोर थांबली. चंदनाचा हार होता. लपवायला वेळच मिळाला नाही.

"कवा?" तिने विचारलं.

"तुझं ऑपरेशन झाल्यावर. सहाव्या आठवड्यात."

"त्या दिवशी तुमाला म्हाईत होता?"

"होतं."

"आनि त्यांना?"

"त्यांनाही."

मला वाटलं, आता बोलेल. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तिने डबा छातीशी धरला आणि विचारलं, "माझ्या हातचा पचला का त्यांना?"

ह्या एका प्रश्नाला मला खोटं बोलवेना. "नाही गं," मी म्हटलं. "गल्लीच्या तोंडाशी सगळं उलटलं."

ती तिथेच खाली बसली. तोंडाला पदर लावून म्हणाली, "मना सांगायचा ना काकी. मी नसता खाऊ दिला त्यांना."

"म्हणून तर नाही सांगितलं."

आम्ही दोघी रडलो. मी तर ते गेले त्या दिवशीही अशी रडले नव्हते. तेव्हा माणसं होती, चहा होता, सह्या होत्या. बऱ्याच वेळाने तिने डोळे पुसले आणि माझ्याकडे नीट बघितलं. माझी सैल झालेली ब्लाउजची बाही बघितली. उठून स्वयंपाकघरात गेली. ओट्यावरचा खारीचा पुडा आणि कोरडा पडलेला कुकर तिने बघितला असणार. येताना एकच ताट घेऊन आली. डबा उघडला. तांदळाची भाकरी, निवट्यांचं कालवण. भाकरीचे दोन तुकडे केले, अर्धा स्वतःच्या हातात ठेवला, अर्धा माझ्यासमोर.

"मी काकांना बोल्ली होती, तुमच्यासमोर जेवीन," ती म्हणाली. "मी जेवते. पन तुमी बी जेवा. मना खाऊन दाखवा."

आणि समोर उकिडवी बसून माझ्या गळ्याकडे बघायला लागली.

मी खाल्लं. तिच्यासारखंच, एकेक घास, हळूहळू. मला काटे काढता येत नव्हते, ते तिने काढून दिले. ती गेल्यावर मी वही उघडली आणि ह्यांच्या वाकड्या अक्षराखाली लिहिलं: डोंबिवली, निवट्यांचं कालवण, अर्धी भाकरी. पुढे छान असं लिहायचं होतं. ते काही लिहवलं नाही.