बहिनीचे दोन भाऊ

बहिनी कधी एकाच भावाविषयी बोलायची नाही. थोरल्याला थंडी सोसत नाही म्हणाली, की लगेच धाकट्याला उकाडा सोसत नाही हेही सांगायची. मला गंमत वाटे. लाडू वाटणाऱ्या आईसारखं काय गं तुझं, म्हणून मी तिला चिडवायचेही.

जपानात, ओजिमाच्या आमच्या सरकारी इमारतीत ती शेजारी राहायची. मूळची नेपाळच्या डोंगरातली. नवरा हॉटेलात आचारी, ती डबे भरायच्या कारखान्यात बाइतो, म्हणजे तासांवर पगार मिळणारं काम, करायची. तिकडे धाकट्या बहिणीला बहिनी म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणे. मी नवखी असताना भाजीची देठं बाटल्यांच्या दिवशी खाली ठेवून आले होते. तिनं ती पिशवी उचलून गुपचूप माझ्या दारात आणली. "दिदी, इथं कचऱ्यालाही टाइमटेबल असतं," म्हणाली. माझा नवरा ऑफिसातच मुक्कामाला असल्यासारखा. त्यामुळे दिवसभरात माझ्या तोंडून जे काही मोडकंतोडकं हिंदी निघे, ते तिच्याशीच.

भावांचं खरं हळूहळू कळलं. थोरला सरकारी फौजेत होता. मग गावात बंडखोर आले आणि घरटी एक माणूस मागू लागले. शिपायाचं घर म्हणून यांच्यावर डोळा होताच. आईवडिलांना त्रास नको म्हणून धाकटा बंडखोरांबरोबर गेला. "देवाकडे काय मागू, दिदी? कुणाला जिंकू दे म्हणू?" भाजी निवडता निवडता तिनं एकदा विचारलं.

भाऊबीजेला मात्र मी नको तो शहाणपणा केला. माझा भाऊ पुण्यात, म्हणून मी दरवर्षी बाल्कनीतून चंद्राला ओवाळायचे. त्या संध्याकाळी तबक तिच्या हातात दिलं. "भाऊ जवळ नसला की आम्ही असंच करतो. दोघांच्या नावानं ओवाळ."

"दोघांना एका जागी कसं उभं करू, दिदी? दोघांच्या हातात बंदुका आहेत."

तबक तिनं हळूच खाली ठेवलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढे तिकडची लढाई थांबली. एक दिवस तिच्या आईनं बाजारात जाऊन फोन केला. "एक घरी आला," एवढंच म्हणाली आणि रडत राहिली. आठवड्याभरात बहिनी गावी निघाली. स्टेशनपर्यंत तिची बॅग मी ओढली. न राहवून विचारलं, "कोण आला गं?"

"विचारलं नाही मी. आईनं कुठलंही नाव घेतलं असतं, तरी मला आधी आनंदच झाला असता. तो आनंद नको मला."

ती परत आली नाही. तिचा नवराही वर्षभरात गावी परतला. शेजारच्या दारावर दुसरी पाटी लागली, आणि मी फार एकटी पडले. मी दर दिवाळीला तिला पत्र लिहिते. कधीतरी तिचं उत्तर येतं. पिकाचं, आईच्या गुडघ्यांचं लिहिते. कोण आला, ते मी अजून विचारलेलं नाही.