एका फोटोला किती शाई

वहिनीचा फोन आला तेव्हा मी आईच्या डोळ्यांत थेंब घालत होतो. ठाण्यात, टेंभी नाक्याजवळच्या आमच्या घरी सकाळचे आठ वाजले असतील. "भाऊजी, हे उठत नाहीयेत," एवढंच ती म्हणाली. मी डोंबिवलीला पोहोचेपर्यंत डॉक्टर येऊन गेले होते. माझा मोठा भाऊ, अरुणदादा, झोपेतच गेला होता. त्याला आता सात आठवडे झाले. खरं सांगायचं तर मला रडू कमी आलं, राग जास्त आला... आणि तो अजून उतरलेला नाही.

दादा वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात एस्टिमेटर होता. गिऱ्हाईक आणेल तो सुटा भाग बनवायला किती खर्च येईल, हे सांगणं त्याचं काम. तरुणपणी एकदा घाईत दिलेला भाव चुकला, कारखान्याला ते काम तोट्यात करून द्यावं लागलं आणि मालकाने त्याला सगळ्या कामगारांसमोर उभं करून जाब विचारला. त्यानंतर पडताळून पाहिल्याशिवाय दादाने कुठलाही आकडा तोंडातून काढला नाही. आम्ही घरचे याची थट्टा करायचो.

दोन वर्षांपूर्वी आईची नजर अधू व्हायला लागली. ती कमीच होत जाणार, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. आईने एकच मागितलं: जुने फोटो मोठे करून हवेत, बाबांचा चेहरा नीट बघता येईल एवढे. बाबा जाऊन तीस वर्षं झाली, आणि होते ते फोटो काडेपेटीएवढे. दादा नुकताच निवृत्त झालेला. "मी घरीच छापतो," म्हणाला आणि रंगीत प्रिंटर घेऊन आला. चाळीस फोटो त्याने स्कॅन केले, एकेकावरचे डाग, सुरकुत्या पुसल्या. ते काम त्याने इतकं सुंदर केलं होतं, की त्याचाही मला आता राग येतो. कारण छापायच्या वेळी तो म्हणाला, "एका फोटोला किती शाई लागते ते आधी काढू."

शाईच्या खोक्यावर किती पानं निघतील ते छापलेलं असतं. पण ते चार ओळींच्या, जवळजवळ कोऱ्या पानाचं गणित. फोटोत पानभर शाई जाते. म्हणून दादाने सोनाराकडे असतो तसला छोटा काटा आणला आणि छापण्याआधी व नंतर शाईची डबी तोलायला लागला. एकच फोटो तीनदा छापला, तिन्ही वेळा शाई वेगवेगळी गेली. मग त्याच्या लक्षात आलं की काळ्या-पांढऱ्या फोटोलाही रंगीत शाई जाते. त्या दिवशी फोन आला. "विनू, बाबांच्या काळ्या कोटाला पिवळी शाई कशाला लागते रे?"

"दादा, तुझ्या स्टेशनसमोर स्टुडिओ आहे. देऊन टाक ना."

"त्याचा भाव माहीत आहे मला. घरी किती पडतं ते कळल्याशिवाय तो महाग की स्वस्त, कसं ठरवणार?"

"मग छापलेले तीन तरी आईला दे."

"हिरवट आलेत. असे बाबा दाखवू तिला?"

असे महिने गेले. गणपतीत आईने मूर्तीकडे बघून हात जोडले आणि हळूच मला विचारलं, "सोंड कुठल्या बाजूला आहे?" मी गॅलरीत जाऊन दादाला फोन लावला. म्हटलं, "तिला आता माझा चेहरा दिसत नाही. तू काटा घेऊन बस." तो म्हणाला, "आठवडाभर दे." मी फोन ठेवला. आमचं ते शेवटचं बोलणं. त्याच आठवड्यात तो गेला.

तेराव्यानंतर त्याची शाईच्या हिशोबाची वही उघडली. आकड्यांनी भरलेल्या पानांच्या शेवटी दोन ओळी होत्या. 'घरी परवडत नाही. स्टुडिओत द्यावेत.' मी वही आपटली. दुसऱ्या दिवशी दादाने स्कॅन केलेल्या फोटोंचा पेनड्राइव्ह त्याच स्टुडिओत दिला, तर अर्ध्या तासात चाळीस फोटो माझ्या हातात. आईने बाबांचा फोटो खिडकीशी धरला, तिरका केला, अगदी नाकाशी नेला.

"कोण आहे यात?"

"बाबा. कोट घालून उभे आहेत."

"अरुणने केलं?"

मी हो म्हटलं. ती फोटोवरून बोटं फिरवत राहिली. मग म्हणाली, "थोडं लवकर द्यायचं होतं रे."

गेल्या रविवारी वहिनीसाठी काढलेल्या फोटोंच्या प्रती द्यायला डोंबिवलीला गेलो. आतल्या खोलीतून खरखर ऐकू आली म्हणून बघितलं, तर वहिनी प्रिंटरसमोर उभी होती. "बंद राहिला की शाई सुकते," ती म्हणाली. "हे दर रविवारी एक पान काढायचे." टेबलावर शाईच्या नव्या डब्या होत्या, तिनेच आणलेल्या. मी वैतागलो. म्हटलं, "वहिनी, आता काय छापायचंय? विकून टाकू या. प्रत्येक वेळी किती शाई फुकट जाते, माहीत आहे?"

"नाही," ती म्हणाली. "मी मोजत नाही."

आणि बाहेर आलेलं रंगीत पट्ट्यांचं ओलं पान तिने दादाच्या खुर्चीवर, पंख्याखाली वाळत ठेवलं.